कोपर घासून जुना केलेला बेस

माझ्या भावजींकडे एक इलेक्ट्रिक बेस आहे, म्हणजे चार जाड तारांची, खर्जात वाजणारी गिटार. तो कारखान्यातून बाहेर पडला परवा-परवा, पण दिसतो निवृत्त झाल्यासारखा, आणि याचं बरंचसं श्रेय माझ्या ताईच्या कोपराला जातं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोक ताईबद्दल भलता विचार करतील.

जुन्या काळच्या बेसची हुबेहूब नक्कल करून नवे बेस विकले जातात. लाकडाचा तोच रंग, मध्ये मधासारखा आणि कडेला जळल्यासारखा. पुढे कासवाच्या पाठीसारखी दिसणारी तीच प्लास्टिकची पट्टी. तारांवर चकचकीत धातूची तीच दोन झाकणं, ज्यांच्यामुळे जिथे हात ठेवायचा तिथे ठेवता येत नाही. भावजींनी असा एक बेस घेतला, महिनाभर त्याच्याकडे एकटक पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा जुन्यासारखा आहे, जुना नाही. हा फरक निमूटपणे सोसणारी माणसं जगात बहुसंख्य आहेत. भावजी त्यांतले नाहीत. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि जे इतरांना दिसत नाही ते आपल्याला दिसतं, हा त्यांचा व्यवसायच आहे.

काही लोक अशा बेसला पॉलिश पेपरने घासून म्हातारा करतात. भावजींना त्यांची किळस येते. "ते खोटं झिजणं," ते म्हणतात. "खरं झिजणं माणसाच्या अंगाने होतं." म्हणून त्यांनी तो बेस दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत, बरोबर कोपराच्या उंचीवर टांगला आणि फर्मान काढलं की घरातल्या प्रत्येकाने जाता-येता त्याच्या वरच्या कडेला कोपर घासायचं. ताई कणीक मळायला जाताना घासायची, मळून येताना घासायची. पाहुण्यांना आधी कोपर घासायला लावून मग पाणी दिलं जायचं. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही सोडलं नाही. त्याने घासलं, मागे सरकून नमस्कारही केला आणि हळूच विचारलं, "नवस आहे का काही?"

भावजींना बेस वाजवता येत नाही. मला येतो. आमच्या नात्यातला सगळा तिढा एवढाच आहे.

मी बेस वाजवते असं सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे गिटार?" मी म्हणते, "हो, पण ऐकू न येणारी." रोज संध्याकाळी एका हॉटेलात लोक चमच्यांचा आवाज करत जेवतात, त्या चमच्यांना आम्ही चौघं साथ देतो. आमची गायिका आजारी पडली तर लोकांना कळतं. ड्रमवाला आजारी पडला तर वेटरला कळतं. मी एकदा आठवडाभर गेले नव्हते, तर परत गेल्यावर मॅनेजरने विचारलं, "आज नवीन कोण आलंय?" मी वाजवलेलं काहीही, मी खोलीतून गेल्यावर, आजवर मागे उरलेलं नव्हतं.

म्हणून मॅडमचा फोन आला तेव्हा मी उभी राहून बोलले. मॅडम मालिकांची शीर्षकगीतं बसवतात. मालिका म्हणजे रोज. रोज म्हणजे वर्षानुवर्षं, कारण त्यातली नायिका किती सोसते यावर तिची लांबी ठरते. माझा बेस घरोघरी, रोज, ठरलेल्या वेळी वाजणार होता. कोणाला ऐकू आला नसता, पण वाजला असता.

तालमीला मी माझा नेहमीचा काळा, पाच तारांचा, आधुनिक बेस नेला. मॅडमनी डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या आणि डोळे उघडले ते दुःखाने.

"फार स्वच्छ वाजतोय गं तुझा बेस," त्या म्हणाल्या. "दवाखान्याच्या फरशीसारखा. मला जुना आवाज हवाय. जाड, बुटका, दमलेला. भरपेट जेवून उठलेल्या माणसासारखा."

"मॅडम, तो आवाज माझ्याकडे आहे," कीबोर्डवाला मान वर न करता म्हणाला. "डाव्या हाताने मारून टाकतो."

बेस वाजवणाऱ्यांच्या जमातीला जगात दोन भीती असतात. एक म्हणजे लिफ्ट नसलेली इमारत. दुसरी, कीबोर्डवाल्याचा डावा हात. वर्षानुवर्षं बोटं सोलून आपण जे शिकलो ते हा माणूस, उजव्या हाताने चहा ढवळत असताना, डाव्या हाताने 'मारून टाकतो'. त्याच्याकडे व्हायोलिनचा ताफा होता, बासरी होती, पावसाचा आवाजही होता. पृथ्वीवरचे सगळे वादक घरी बसावेत अशी त्याची काही इच्छा नव्हती. ते बसले तर त्याची हरकतही नव्हती.

"माझ्या घरी जुन्या घाटणीचा बेस आहे," मी म्हणाले. घर ताईचं होतं, बेस भावजींचा होता, फक्त जुनी घाटणी तेवढी खरी होती.

"मग शनिवारी रेकॉर्डिंगला तोच आण," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर हा आहेच."

'हा' म्हणजे डावा हात. त्याने बोटं मोडून दाखवली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. हरीचं बरं होतं, त्याला नुसते पाय धरायचे होते. मला आधी कोपर घासावं लागलं.

"या, मेव्हणीबाई!" भावजी नाकावरच्या चष्म्यावरून बघत म्हणाले. "आज वाट वाकडी केलीत?"

"तुमची आठवण आली, भावजी."

"खोटं."

"बेसची आठवण आली."

"हे पटतं. बस."

"तिथे नको बसूस!" ताई आतून ओरडली. "तिथला फोम गिटारीत गेलाय!"

मी बसले होते. ढुंगण सरळ फळीला टेकलं.

तर, फोमचं असं आहे. बेसच्या खालच्या टोकाला, जिथे तारा अडकवतात, तिथल्या झाकणाच्या आत पूर्वी फोमची एक पट्टी चिकटवलेली असायची. ती तारांना दाबून धरायची, त्यामुळे सूर लांबत नसे. 'ठुम्' व्हायचा आणि मरायचा. भावजींच्या मते नव्या फोमने सूर तरुण मरतो. म्हणून ते जुन्या फोमच्या शोधात निघाले आणि त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू दाबून पाहिली. आमच्या आईची पाठीला लावायची उशी नापास झाली. तिच्यात म्हणे करुणा जास्त होती. अखेर सोफ्याचा उजवा कोपरा पास झाला. घरात ताईनंतर सगळ्यात जास्त सोसलेली वस्तू तीच होती.

"बेस हवाय," मी सरळ सांगितलं. "शनिवारी. रेकॉर्डिंग आहे."

भावजींनी चष्मा काढून पुसला. डोळे तपासायला आलेल्या माणसाला मोठा नंबर सांगायच्या आधी ते असाच पुसतात.

"तुझा तो काळा कुठे गेला? तो बॅटरीवर चालणारा? बाथरूमच्या गीझरसारखा दिसणारा?"

"त्याचा आवाज फार स्वच्छ आहे म्हणे."

"म्हणे काय, आहेच!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला क्षणभर वाटलं, कीबोर्डवाल्याला हो म्हणून टाकावं. "ऐकलंस का गं? हिच्या मॅडमना कळतं! बघ. मी सांगत होतो."

"कळतं तर त्यांनाच द्या सोफा," ताई म्हणाली.

त्यांनी बेस खाली उतरवून माझ्या मांडीवर ठेवला आणि श्वास रोखला. मी तारा दाबून पाहिल्या. दाबून पाहिल्या म्हणजे प्रयत्न केला. तारा मानेपासून, म्हणजे बेसच्या लांब दांड्यापासून, इतक्या उंच होत्या की खालून मांजर गेलं असतं, शेपटी न झुकवता. मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना. तार फ्रेटला टेकली की सूर निघतो. इथे तार टेकवायला बोट नाही, गुडघा लागला असता. मी एक डोळा मिटून मानेकडे टोकापासून पाहिलं. ती धनुष्यासारखी वाकली होती.

"भावजी, हे असं कोणी सेट केलं?"

"मी," भावजी विनयाने म्हणाले. "फोटोप्रमाणे."

भिंतीवर एक मोठा फोटो होता. कुठल्याशा संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात उभा असलेला एक खराखुरा जुना बेस. तारांची उंची ठरवणारे जे इवलेसे स्क्रू असतात, त्यांचे किती आटे वर दिसतात ते भावजींनी भिंगातून फोटोत मोजलं होतं आणि आपल्या बेसचे स्क्रू, चष्म्याच्या दांड्या आवळायच्या स्क्रूड्रायव्हरने, अगदी तितकेच वर काढले होते. मग फोटोवर पट्टी ठेवून मानेचा बाक मोजला होता. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. तारा मानेला पुढे खेचतात आणि सळई तिला मागे धरून ठेवते. भावजींनी ती सळई सैल करत करत, फोटोत दिसतो तेवढा बाक आपल्या बेसला आणला होता.

कपाटातला तो बेस वर्षानुवर्षं कोणी हातात घेतलेला नव्हता. त्याची मान वाकली होती कारण ती सरळ करायला कोणी आलं नव्हतं. भावजींनी ते दुखणं मिलिमीटरपर्यंत उतरवून घेतलं होतं. आजोबांचा फोटो बघून एखाद्याने स्वतःला संधिवात करून घ्यावा, तसं.

"पण हा वाजणार कसा?" मी विचारलं.

"वाजवणं," भावजी म्हणाले, "हा त्याचा एक उपयोग झाला."

खूप मिनतवाऱ्या झाल्या. शेवटी अटी ठरल्या. तारा बदलायच्या नाहीत. वाजवण्याआधी हात धुवायचे, पण साबण वासाचा नको. आणि बेस एकटा प्रवास करत नाही. भावजी सोबत येणार. मी सगळ्याला हो म्हटलं. मला फक्त एक दुपार हवी होती.

ती गुरुवारी मिळाली. भावजी दुकानात होते.

"त्यांना कळलं तर?" ताई म्हणाली.

"तू धड धर. मी मान उतरवते."

"धड-मान काय करतेस? कोंबडी आहे का?"

पण तिने धरलं. आजकालच्या बेसमध्ये ती सळई आवळायची सोय मानेच्या वरच्या टोकाला असते. पान्याने दोन मिनिटांत काम होतं. जुन्या घाटणीत ती मानेच्या बुडाशी, धडाच्या आत लपलेली असते. म्हणजे पाव वळसा द्यायचा तर तारा सैल करा, चार स्क्रू काढा, मान उतरवा, वळसा द्या, मान बसवा, तारा ताणा, बघा. कमी पडलं? पुन्हा उतरवा. हा मूळ बनवणाऱ्यांचा गाढवपणा होता. पुढे तो त्यांनीच सुधारला. आणि मग खास शौकिनांसाठी तोच गाढवपणा आठवून आठवून परत घालायला लागले.

आम्ही मान उतरवत आणि बसवत राहिलो. ताईने चौथ्यांदा स्क्रू हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून असं एक काम केलं नाही बघ." मान सरळ झाली, अगदी सरळ नाही, तारेला थरथरायला जागा राहील एवढा पुसट बाक ठेवला. मग तारा खाली आणल्या, फ्रेटवर घासणार नाहीत इतपत. मग खालच्या टोकाचे स्क्रू मागेपुढे करून वरपासून खालपर्यंत प्रत्येक सूर जागेवर बसवला. फोम तेवढा राहू दिला. खरं सांगायचं तर फोम उत्तम होता.

मग मी वाजवला.

माझी ताई माझ्या वादनाला गेली कित्येक वर्षं 'तुझं ते धडधड' म्हणत आली आहे. ती भांडी लावत होती. तिच्या हातातलं पातेलं हवेतच राहिलं. मी मॅडमची ओळ वाजवत होते; खाली दबकत चालणारी, आणि शेवटी मानेच्या मध्यापलीकडे चढून, गायिकेच्या सुराला खालून हात देऊन परत उतरणारी.

"अगं," ताई म्हणाली, "याला आवाज आहे?"

संध्याकाळी भावजी आले. बेस जागेवर टांगलेला होता. त्यांनी जाता जाता कोपर घासलं, थांबले, खिशातून भिंग काढलं, वाकले, फोटोकडे पाहिलं, परत वाकले.

"हं," ते म्हणाले.

आणि जेवायला बसले. मला वाटलं, सुटलो. चष्मेवाल्याचं 'हं' हे निदान असतं, ही अक्कल मला तेव्हा नव्हती.

शनिवारी बेस गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसला. मी मागे, त्याच्या रिकाम्या पेटीशेजारी. पेटीत ठेवला तर बेसला कोंदट होतं म्हणे. वाटेत दोनदा भावजींनी त्याला ऊन लागतं का ते विचारलं. मला विचारलं नाही.

स्टुडिओ म्हणजे गालिचा अंथरलेली एक खोली, काच, आणि काचेपलीकडे बिस्किटं खाणारा रेकॉर्डिस्ट. मॅडम त्याच्या शेजारी कागद घेऊन बसल्या. कीबोर्डवाला कोपऱ्यात आपल्या यंत्रामागे होता. त्याचे व्हायोलिनवाले, बासरीवाले आणि पाऊस वाजवून झाले होते, आता तो फक्त थांबला होता. भावजी खोलीत माझ्यामागून शिरले आणि बेस माझ्या गळ्यात, हार घालावा तसा घातला.

मी पहिली तार दाबली. ती दबली नाही.

मी मानेकडे पाहिलं. धनुष्य परत आलं होतं.

"भावजी," मी ओठ न हलवता म्हणाले, "हे काय केलंत?"

"घाबरू नकोस," तेही कुजबुजले. "कोणीतरी छेडछाड केली होती. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी सगळं पूर्ववत केलं. तुला मुद्दाम सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेतलं असतंस."

"मी केली होती छेडछाड."

"तू?" भावजींचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुझ्या ताईने. मी परवापासून तिच्याशी बोललो नाहीये."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. तिला वाटलं, माझी दाढ दुखतेय. लवंग दिली."

"झालं का तुमचं?" काचेपलीकडून मॅडमचा आवाज आला. "घेऊया!"

मान उतरवायला वेळ नव्हता. पाना घरी होता. भावजी काचेपलीकडे जाऊन मॅडमच्या मागे, परीक्षेला बसलेल्या मुलाचा बाप शाळेबाहेर उभा राहतो तसे उभे राहिले. गाणं सुरू झालं. खाली, पहिल्या चार-पाच फ्रेटपर्यंत तारा जरा कमी उंच होत्या. तिथे मी दात दाबून बोटं दाबली आणि सूर कसेबसे लागले. मग ओळ वरच्या सुरांकडे, म्हणजे धडाच्या दिशेने, चढली. तार इतकी खाली ढकलावी लागली की ती ताणली गेली आणि सूर चढला. हेडफोनमधली गायिका एकीकडे, मी एकीकडे. मध्ये एक बारीक फट, आणि त्या फटीतून सगळी मालिका खाली पडली.

मॅडमनी हात वर केला. रेकॉर्डिस्टने बिस्किट खाली ठेवलं. कोपऱ्यात कीबोर्डवाल्याने बाही वर सारली. डावी.

"वर काय झालं गं?" मॅडम म्हणाल्या. "खाली छान होतं, वर बेसूर?"

माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक खरं सांगायचं: की हे वाद्य एका चष्मेवाल्याने फोटो बघून आजारी पाडलं आहे. मग मॅडम म्हणाल्या असत्या, अरेरे, आणि डावा हात पुढे आला असता. दुसरा रस्ता माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडला. आवाज माझा होता, सूर भावजींचा.

"मॅडम," मी म्हणाले, "वर वाजवून बघितलं, पण ते खोटं वाटतं. त्या काळी बेसवाले वर जात नसत."

कीबोर्डवाल्याचा हात हवेत थांबला.

"बरोबर!" काचेपलीकडून भावजी गरजले. हे त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं होतं. पण जुन्या काळाबद्दल आपल्याला माहीत नसलेली गोष्ट असू शकते, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. त्यापेक्षा त्यांनी ती आधीपासून माहीत असणं पसंत केलं. "जातच नसत! पाचव्या फ्रेटच्या वर जाणं असभ्य मानायचे!"

"असभ्य?" मॅडम वळल्या.

"बेसवाल्याने जमिनीवर राहायचं. वर गायकाचं घर. दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरतात का?"

"हे कुठे वाचलंत?" कीबोर्डवाल्याने विचारलं.

भावजींनी त्याच्याकडे, दुकानात प्लास्टिकची फ्रेम मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं पाहिलं. "वाचायचं कशाला? बेसची मान वरच्या बाजूला जाड होत जाते. का? कोणी जाऊ नये म्हणून."

मान त्या बाजूला जाड होते कारण तिथे ती धडाला जोडायची असते. खुर्चीच्या पायाला खाली रबर असतं ते खुर्चीला थंडी वाजू नये म्हणून, असं म्हणण्यासारखं हे होतं. पण मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत होतं.

"संयम," त्या पुटपुटल्या. "या मालिकेत तेच तर आहे. ती मुलगी वर जाऊ शकते, पण जात नाही. अगं, हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल," मी म्हणाले.

पुन्हा सुरुवात झाली. मी चार सुरांत, खाली, जमिनीवर राहिले. बोटांच्या टोकांना तारेचे चर पडत होते. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्याने प्रत्येक सूर उचलला, 'ठुम्' केला आणि मारला. माझी ओळ, ताईचं पातेलं जिच्यासाठी हवेत थांबलं होतं ती, कुठेच नव्हती. आणि हेडफोनमधून जे येत होतं ते जाड होतं, बुटकं होतं, दमलेलं होतं. मॅडमनी डोळे मिटले. कीबोर्डवाल्याने डावा हात खिशात घातला, आणि खिशातही तो अस्वस्थ दिसत होता.

"सुंदर!" मॅडम म्हणाल्या. "पुढच्या दोन मालिका आहेत माझ्या. तूच वाजव. हाच बेस, अगदी असाच. आणि यांनाही घेऊन ये." त्या भावजींकडे वळल्या. "आजकाल इतकं जाणणारी माणसं कुठे मिळतात?"

"वेळ काढीन," भावजी म्हणाले.

परतताना बेस पुढे, मी मागे. एका सिग्नलला भावजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज सहज ठेवून विचारलं, "मग साधारण कधीपासून गं वर जायला लागले ते लोक?"

"कीबोर्ड आल्यापासून," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटत होतं."

इथे हे संपलं असतं तर मी हसून मोकळी झाले असते. पण पुढच्या रविवारी ताईचा फोन आला: "ये लवकर. हे पक्कड घेऊन बसलेत."

भावजींनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली होती. बेस तिच्यावर उताणा पडला होता, तारा काढलेल्या, मान उघडी. हातात पक्कड, डोळ्याला भिंग.

"पाचव्याच्या वरच्या सगळ्या फ्रेट काढतोय," ते म्हणाले. "वापरायच्याच नाहीत तर ठेवायच्या कशाला? ढोंग आहे ते. मॅडमना काल फोन केला होता. त्या म्हणाल्या, कमाल आहे तुमची."

"अगं, सांग ना यांना काहीतरी!" ताई म्हणाली. "तुला कळतं ना यातलं? त्या दिवशी किती छान वाजवला होतास. ते सगळं आता जाणार ना यातून?"

जाणार होतं. फ्रेट उपटल्या की त्या बेसवर ती ओळ कधीच कोणाला वाजवता येणार नव्हती. मान सरळ करा, तारा खाली आणा, काही करा. थांबवायला एक वाक्य पुरे होतं: भावजी, ते मी थापलं होतं. हे वाक्य भावजींच्या पोटात संध्याकाळपर्यंतही राहिलं नसतं. रात्रीच्या जेवणाच्या आत ते मॅडमपर्यंत पोचलं असतं, आणि मॅडमच्या शेजारी तो डावा हात खिशातून बाहेर आला असता. पुढच्या दोन मालिका. रोज. घरोघरी.

ताई माझ्याकडे बघत होती. भावजींनी पक्कड सहाव्या पट्टीच्या कडेला लावली आणि पिरगाळली. लाकडाचा एक बारीक कपचा उडाला.

"असं नाही, भावजी," मी म्हणाले.

ताईने सुटकेचा श्वास सोडला.

"आधी चष्म्याच्या दांड्यांना डाग द्यायच्या तुमच्या त्या सोल्डरिंगच्या काडीने फ्रेट तापवा. मग पक्कड लावून एका टोकाकडून हळूहळू उचलत न्या. म्हणजे लाकूड फुटणार नाही."

ताई आत गेली आणि पातेली एकात एक आपटायला लागली.

भावजींनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं. भिंगामागे त्यांचा डोळा प्रचंड मोठा आणि ओलसर दिसत होता.

"बघ," ते म्हणाले, "तुलाही कळायला लागलंय हळूहळू."

मी सोल्डरिंगची काडी प्लगमध्ये खोचली आणि ती तापेपर्यंत मान दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.